गजाननरावांचं अस्वल

वास

मी गोष्ट सांगायला लागलो की लोक हातातली कामं सोडून ऐकतात. हा माझा जुना अनुभव आहे आणि त्याचा मला माजही आहे. त्यामुळे त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी, सिंदी रेल्वेच्या माझ्या पेंटिंगच्या दुकानात, पाच-सहा माणसं तोंड उघडं ठेवून एकदम गप्प झाली तेव्हा मला वाटलं, आज रंग चढला. मी आवाज आणखी खाली नेला. गणपतीतल्या नाटकांत मी खलनायकाची कामं करायचो, तेव्हा आवाज कुठं खाली न्यायचा ते मला कळतं. डावा हात हवेत, उजवा हात स्टोव्हवर तापत असलेल्या, रंगात मिसळायच्या सरसाच्या डब्यापाशी टेकलेला, अशा थाटात मी थांबलो आणि टाळीची वाट पाहू लागलो.

टाळी आली नाही. वास आला. समोरचा पानवाला म्हणाला, "पेंटर, हात पाहा ना."

करंगळी आणि तळहाताची त्या बाजूची कड डब्याच्या तापल्या पत्र्याला चिकटली होती. कातडी करपत होती आणि मला पत्ता नव्हता. भाजल्याची भीती नंतर वाटली. आधी राग आला तो या गोष्टीचा की एवढी सगळी माणसं माझ्याकडे नाही, करंगळीकडे बघत होती. माझ्या भरात आलेल्या प्रयोगात माझ्याच करंगळीनं भाव खाल्ला होता.

डोळे मिटा

वर्ध्याच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, हाताला कापूस लावतो, जिथं कळेल तिथं बोट ठेवून दाखवा. मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, करा सुरू. ते म्हणाले, झालं.

मग त्यांनी माझ्या कोपराच्या मागं दाबून पाहिलं. तिथली शीर सुतळीसारखी जाड झाली होती. चौथं बोट आणि करंगळी गेले काही महिने आत वळत चालली होती, ते मी वयावर आणि वातावर ढकललं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सभ्य मराठीत सांगितलं, कुष्ठरोग. गोळ्यांनी बरा होतो, तुमच्यापासून कुणाला धोका राहणार नाही, असंही दोनदा सांगितलं. पण सिंदीला परत येताना पॅसेंजरमध्ये माझ्या डोक्यात एकच शब्द डब्याच्या तालावर वाजत होता, जो आमच्याकडे बायका तोंडावर पदर घेऊन म्हणतात. महारोग.

हे वाचणाऱ्यांत कुणी नुकताच डॉक्टरांसमोरच्या त्या खुर्चीवरून उठून आला असेल तर त्याला सांगतो, त्या दिवशी काही ठरवू नका. मी ठरवलं होतं. धाम नदीत पाणी किती आहे याची चौकशीही केली होती. उन्हाळा होता, पाणी घोट्याइतकं होतं. एवढ्या मोठ्या प्रसंगाला घोट्याइतकं पाणी मला शोभलं नसतं.

घरी मोठ्या भावानं अंगणातच विषय काढला. भाऊ वाईट नव्हता, भ्याला होता. म्हणाला, मनोहरचं आंघोळीचं पाणी आणि ताट वेगळं ठेवू, पोरांचं घर आहे. माझी बायको कमल चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही.

"मंग आमचंबी वेगळंच ठेवा भाऊजी," ती म्हणाली. "एकट्याचं कायले करता."

त्या दिवसापासून आमची चूल वेगळी झाली. तिनं मला गोड शब्द एकही ऐकवला नाही, कारण ते तिच्या स्वभावात नव्हतं. कौतुक तर त्याहून नव्हतं. कमलनं एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलं की शेजारीपाजारी ती पाहायला यायचे. ही माहिती पुढं लागेल.

शेजारची खाट

पावसाळा संपताना मी वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात भरती झालो. बरोबर पिशवीत दोन सदरे, दाढीचं सामान आणि अस्वलांचे फोटो होते.

फोटोंचं असं होतं. बोर धरणाकडच्या जंगलात रस्त्याच्या कडेला वनखात्याला पाट्या लावायच्या होत्या. इथं अस्वलं फिरतात, सावध राहा, असा मजकूर आणि वर मोठं चित्र. वनखात्याचे मडावीसाहेब माझं काम पाहून होते. त्यांनी कुणा हौशी फोटोग्राफरनं जंगलात काढलेले काळेपांढरे फोटो माझ्याकडे दिले आणि सांगितलं, यावरून काढ, मनानं काढू नको. मी आजारी पडल्यावर त्यांनी काम काढून घेतलं नाही. उलट निरोप पाठवला, उन्हाळ्याआधी दे. मोहाच्या फुलांच्या दिवसांत अस्वलं रस्त्यावर येतात, त्याच्या आत पाट्या लागल्या पाहिजेत. हे काम झालं तर सिंदीत माझा हात अजून चालतो असं लोकांना दिसणार होतं. नाही झालं तर माझ्या दुकानाची पाटी मला स्वतःलाच पुसावी लागणार होती. मिठाईवाल्यानं तर आपली अर्धी झालेली पाटी आधीच उचलून नेली होती.

शेजारच्या खाटेवर गजाननराव. हिंगणघाटच्या बाजूचे, बैलबाजारातले दलाल. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा बोळा, दवाखान्यातसुद्धा मिशीला तेल. त्यांचा आजार रुमालाखाली पकडला गेला होता. बैलाचा सौदा करताना दोघं रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे चारचौघांना कळत नाही. गजाननरावांना समोरच्यानं दाबलेलं एक बोट कळलंच नाही. त्यांनी मान डोलावली आणि म्हाताऱ्या बैलजोडीचे मालक झाले. हे ते इतकं रंगवून सांगायचे की सगळा वॉर्ड हसायचा.

माझ्या वॉर्डात. मी असताना.

इथून माझं खरं दुखणं सुरू झालं. गजाननरावांचं हाताचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वी झालं होतं आणि वळलेली बोटं सरळ होत होती. माझं व्हायचं होतं आणि मी ते टाळत होतो. अंगठा आणि दोन बोटं शाबूत होती, त्यांच्यात ब्रश कसाबसा धरता येत होता. रेघ थरथरायची, पण यायची. चाकू लागला आणि तेही गेलं तर? डॉक्टर विचारायचे, मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू.

आणि दवाखान्याचा नियम असा की रोज सकाळी बादलीत हातपाय भिजवून, तेल लावून झालं की शेजाऱ्यानं शेजाऱ्याचे हातपाय तपासायचे. बधीर कातडीला जखम झाली तरी ज्याची त्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे. माझ्या नशिबी गजाननरावांचा हात होता. रोज सकाळी तो सुधारत चाललेला हात मी मांडीवर घ्यायचो, एकेक बोट उलटंसुलटं करून पाहायचो आणि आज तरी करंगळी थोडी वाकडी दिसते का ते शोधायचो. दिसायची नाही. मग ते माझा हात घ्यायचे आणि "अरेरे" म्हणायचे. त्या अरेरेपेक्षा डब्याचा चटका बरा होता.

चौकोन

फिजिओथेरपीच्या शालिनीताई ऑपरेशन झालेल्यांना कोमट मेणात हात बुडवायला लावायच्या आणि मग व्यायाम द्यायच्या. गजाननरावांना रेघा ओढायला दिल्या होत्या. रेघांना ते कंटाळले. माझ्या खाटेवरचे फोटो पाहून म्हणाले, पेंटर, मलेबी अस्वल शिकवा.

मी लगेच हो म्हणालो. वॉर्डाला हसवायला मला काहीतरी हवंच होतं, आणि बैलाच्या दलालानं काढलेलं अस्वल त्या कामी येईल असा हिशेब होता. मी जुन्या एक्सरेची फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन स्वच्छ केली, तिच्यावर सुईनं चौकोन पाडले आणि फोटोवर ठेवली. कागदावर तेवढेच चौकोन, आकारानं मोठे. ह्या चौकोनात जे दिसतं तेवढंच त्या चौकोनात काढायचं, बाकी झाकायचं. नवशिक्यांची रीत. पुढाऱ्यांचे चेहरे काढताना मीही ती वापरतो, कारण पुढाऱ्याचं नाक चुकलं तर महागात पडतं. अस्वलासाठी मला चौकोनांची गरज नव्हती. लहानपणापासून शंभरदा पाहिलेला प्राणी, मला पाठ होता.

आम्ही दोघांनी एकच फोटो घेतला. वारूळ उकरणारं अस्वल, तोंड जवळजवळ मातीत. मी एका सकाळी संपवलं. थरथर होती पण चित्र झकास झालं, डोळे तर असे की वॉर्डातल्या कुठल्याही खाटेवरून पाहा, अस्वल तुमच्याकडे बघतंय. गजाननराव आठवडाभर एकेक चौकोन भरत बसले. जीभ बाहेर, मिशी कागदाला टेकलेली. विचारलं तर म्हणायचे, सध्या नुसता अंधार काढून राह्यलो.

त्या रविवारी कमल भेटीला आली. शालिनीताईंनी दोन्ही चित्रं भिंतीवर लावली होती. कमलनं माझ्या चित्रावरून नजर फिरवली आणि गजाननरावांच्या चित्रासमोर उभी राहिली. डबा हातातच. मी घसा खाकरला. ती हलली नाही.

"हे कोनं काढलं?" तिनं विचारलं. गजाननरावांनी नम्रपणे मिशीवर हात फिरवला. "लय चांगलं काढलं भाऊ," ती म्हणाली.

लग्नाला सतरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात मी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या, देवळाच्या कमानी आणि नाटकांचे पडदे एका ओळीत लावले तर सिंदीपासून सेलूपर्यंत जातील. "लय चांगलं" गजाननरावांना मिळालं. तिनं आणलेली भाकर त्या दिवशी मला लागलीच नाही. गजाननरावांना लागली. दोन खाल्ल्या.

मडावीसाहेब

पुढच्या आठवड्यात मडावीसाहेब स्वतः आले. आमच्या आजाराच्या माणसाच्या खाटेवर बाहेरचा कुणी टेकत नाही. हे सरळ माझ्या पायाशी बसले, वॉर्डातला चहा प्याले, कपबशी स्वतः विसळून ठेवली. एवढ्यासाठी मी त्यांना जन्मभर मानतो. पुढं ते जे बोलले त्यासाठी नाही.

त्यांनी माझं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"मनोहर, हे दरवेश्याचं अस्वल हाये," ते म्हणाले.

मला कळेना. त्यांनी बोट ठेवलं. नाकाडावर मी एक खाच काढली होती. फोटोत ती नव्हती. दरवेशी अस्वलाच्या नाकात जिथं दोरी ओवतो, तिथं पडते तशी ती खाच. नखं आखूड होती, कापल्यासारखी. मागचे पाय असे की आता उठून दोन पायांवर उभं राहील आणि सलाम करील. आणि ते डोळे, ज्यांच्यावर मी खूश होतो, ते लोकांकडे बघत होते, कारण खेळातलं अस्वल लोकांकडेच बघतं. सिंदीच्या बाजारात दरवर्षी दरवेशी यायचा. त्याच्या अस्वलावर मी लहानपणी बसलो होतो, त्याचे केस ताईतात घालून गळ्यात बांधले होते. मला पाठ होतं ते हे अस्वल. जंगलातलं मी कधी पाहिलंच नव्हतं. फोटो समोर ठेवून मी बाजार काढला होता.

मडावीसाहेब सांगत होते की ही पाटी लागली तर लोक गाडी थांबवून त्याला भाकर द्यायला जातील. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आवाज आला.

"पेंटर, याले मी गिऱ्हाईक आनून देतो. गरीब जनावर हाये, लेकराबाळाच्या घरात चालीन."

वॉर्ड हसला. मडावीसाहेब हसले. शालिनीताई तोंड फिरवून हसल्या. मग साहेबांनी गजाननरावांचं चित्र पाहिलं. त्यात डोळे नव्हतेच, कारण फोटोत दिसत नव्हते. काळाकभिन्न ढीग, खालचा लोंबता ओठ आणि वारुळात रुतलेली लांब नखं. साहेबांनी ते खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, होळीपर्यंत थांबतो, तोवर तुझं झालं तर तुझं. नाही तर हे चित्र वर्ध्याच्या पेंटरला देऊन त्याच्याकडून रंगवून घेतो.

मी त्याच दिवशी डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, कापा.

दोरी

ऑपरेशनविषयी फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. भीती मात्र होती. त्या सकाळी हात खांद्यापर्यंत भादरला, हिरवा झगा घातला, तेव्हा माझी विनोदबुद्धी पहिल्यांदाच गैरहजर होती. स्ट्रेचर दारातून बाहेर पडताना गजाननराव आडवे आले. त्यांनी आपला हात माझ्या तोंडासमोर धरला, बोटं उघडली, मिटली, उघडली.

"भेऊ नोका, पेंटर. भेसान तं अस्वल आनखी गरीब होईन."

हाताची बोटं माझ्यासमोर नाचवायला त्यांना दुसरा दिवस मिळाला नव्हता. मी एवढा संतापलो की भूल चढेपर्यंत भ्यायचं राहून गेलं. तुमच्यापैकी कुणाला ऑपरेशनला जायचं असेल तर शेजारच्या खाटेवर असा एक माणूस असू द्या. देवाचं नाव घेणारे पुष्कळ भेटतात.

प्लास्टर निघाल्यावर कळलं की बोटं सरळ झाली आहेत, पण माझं ऐकत नाहीत. डॉक्टरांनी मधल्या बोटाची दोरी, म्हणजे बोट वाकवणारा स्नायूबंध, सोडवून ती बाकीच्यांना वाटून दिली होती. आता मधलं बोट वाकवायचं मनात आणायचं, म्हणजे सगळी बोटं सरळ राहून मुळापासून झुकायची. मनात एक आणायचं आणि हातानं दुसरंच करायचं. नाटकवाल्याला हे सोपं जायला हवं. मला महिना लागला. शालिनीताई माझा हात मेणातून काढून समोर बसायच्या आणि तेच ते सांगायच्या, मधलं वाकवा. मी घामाघूम. पलीकडे गजाननराव सुपारी कातरत असायचे.

त्यांचा हेवा आता मला पुरता जडला होता. त्यांच्या भेटीला येणारी माणसं, संत्र्यांची टोपली, झोपेत घोरण्याची लय, सगळ्याचा. हेव्याचा एक मोठा गुण सांगतो. तो जागा फार घेतो. माझ्या डोक्यात आधी धाम नदी होती, भावाचं अंगण होतं, मिठाईवाला होता. आता तिथं उभं राहायला जागा नव्हती, सगळीकडे गजाननराव बसले होते.

बोटांत पेन्सिल टिकायला लागली तेव्हा मी तीच एक्सरेची फिल्म घेतली आणि तोच फोटो. नवशिक्यासारखा. आम्ही पेंटर लोक चित्र डोळ्यांपासून सुरू करतो, गिऱ्हाईक तिथंच बघतं. ह्या फोटोत डोळेच नव्हते. मी वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनापासून सुरुवात केली, त्यात नुसता अंधार होता. हात सवयीनं नाकावर खाच पाडायला जायचा, मी तो उचलायचो. नखं दिसतात तेवढी लांब काढायची, मनाला पटली नाहीत तरी. एका चौकोनाला कधी अख्खी सकाळ लागायची. गजाननराव डोकावून जायचे, काही न बोलता. ते बोलत नाहीत याची मला काळजी वाटू लागली.

रविवार

होळीआधीच्या गुरुवारी गजाननरावांना घरी सोडलं. जाताना त्यांनी अत्तराची कुपी माझ्या उशीपाशी ठेवली आणि स्वतःचं अस्वल भिंतीवरून काढून घडी करून खिशात घातलं. आता वर्ध्याच्या पेंटरला द्यायला साहेबांकडे काही उरलं नव्हतं. मडावीसाहेब सोमवारी येणार होते. शनिवारी माझं चित्र संपलं आणि शालिनीताईंनी ते त्याच खिळ्याला लावलं.

रविवारी कमल आली. रिकामी खाट पाहून म्हणाली, भाऊ गेले वाटते. मी मान हलवली. ती डबा उघडायला वाकली आणि भिंतीकडे पाहून थांबली.

"अस्वल मात्र ठिवून गेले," ती म्हणाली. जवळ गेली. "अन् हे तं पयल्यापेक्षाबी चांगलं हाये. हात लयच बसला भाऊचा."

खरं सांगतो, एक क्षण मी त्या रिकाम्या खाटेकडे रागानं पाहिलं. गेला तरी हा माणूस माझ्या बायकोकडून तारीफ घेतोच. मग मला आठवलं की चित्र कुणाचं आहे.

दुसरा कुणी लगेच बोलला असता. मी उशीला टेकलो, आवाज खाली नेला आणि विचारलं, "असं काय चांगलं हाये त्यात?"

"ते आपल्याकडं पाह्यतच नाई," कमल म्हणाली. "त्याले त्याच्या कामाशी मतलब. जवळ जायाचं भेव वाटते." मग तिनं त्या केसांच्या रेघांवरून, कागदाला न टेकवता, बोट फिरवलं. "एक रेघ थरथरली नाई पाहा."

मी तिला आणखी विचारलं. नखांबद्दल विचारलं, ओठाबद्दल विचारलं, वारुळाच्या मातीबद्दलही विचारलं. सतरा वर्षांची बाकी होती, मी ती सगळी वसूल करून घेत होतो. ती गजाननरावांचं कौतुक करत राहिली आणि मी गंभीर चेहऱ्यानं मान डोलावत राहिलो. भेटीची वेळ संपत आली तेव्हा मी खाटेवरून उतरलो, पेन्सिल घेतली आणि वारुळाच्या पायथ्याशी राहून गेलेलं गवत काढायला लागलो. एक पातं, दुसरं, तिसरं. पाचही बोटं पेन्सिलीभोवती नीट बसलेली.

पंधरावीस पाती झाली. मी वळून पाहिलं तर कमल चित्राकडे पाहत नव्हती, माझ्या करंगळीकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल असं मला वाटलं होतं. तिनं कंबरेवर हात ठेवले.

"मले खरं नाई वाटत," ती म्हणाली. "दुसरं काढून दाखवा."

नर्स भेटीची वेळ संपली म्हणून दारात आली होती. कमलनं तिला थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मी नवा कागद घेतला.